झोताखालून

"वाकून जा. नुसती मान खाली घालू नकोस, कमरेतून वाक. मान घातलीस तर अंबाडा वरच राहतो, आणि मग तो पडद्यावर नटीच्या गालावर जाऊन बसतो."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या स्वतः वाकलेल्याच होत्या. हातात बॅटरी, बॅटरीच्या तोंडावर तळहात, आणि बोटांच्या फटींतून गळणारा तांबूस उजेड, एका पावलापुरता. आवाज म्हणाल तर कुजबूजसुद्धा नव्हे. ज्याच्यासाठी आहे त्याच्याच कानाशी जाऊन थांबणारं काहीतरी. नवी सून त्या पावलापुरत्या उजेडात पाय टाकत मागोमाग गेली होती, आणि डोक्यावरून काहीतरी वाहत चाललं आहे, ऊन नाही, गार नाही, पण आहे, असं तिला वाटलं होतं. हे सगळं आज, भर दुपारी, हॉटेलच्या मॅनेजरबाईंच्या काचेच्या खोलीत आठवायचं काही कारण नव्हतं. मॅनेजरबाईंनी टेबलावरची स्क्रीन तिच्याकडे वळवली होती. स्क्रीनवर वरच्या मजल्याची गॅलरी, आणि गॅलरीतून चादरींची थप्पी छातीशी धरून येणारी एक बाई. चालता चालता बाई एका जागी कमरेतून वाकली, तशीच चार पावलं गेली, पुन्हा सरळ झाली आणि काही झालंच नाही अशी पुढे निघून गेली. 'या इथे कशा?' तिच्या मनात आलं. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. मग बाईच्या अंगावरचं हॉटेलचं राखाडी एप्रन दिसलं, आणि खुर्चीची पाठ धरावी लागली. ती बाई म्हणजे ती स्वतःच होती.

"हा कालचा," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्यांनी काहीतरी दाबलं. "हा परवाचा. आणि हा रविवारचा. मावशी, दुखतं ना पाठीत? मला सांगायचं नाही का?"

मॅनेजरबाई वयाने तिच्या मुलीसारख्या. दुसऱ्या गावाहून आलेल्या, केस आखूड, बोलणं भरभर, पण मनाने मऊ. परवा म्हणे एका पाहुण्यांनी खाली येऊन विचारलं होतं, की इतक्या थकलेल्या बाईला तुम्ही ओझी उचलायला कशी लावता. मॅनेजरबाईंना ते लागलं होतं. मागच्या अंगणापलीकडे धुलाईघर आहे, तिथे बसून घड्या घालायच्या, पगार तोच, जिने नाहीत, ओझी नाहीत. मागच्या फाटकातून यायचं आणि मागच्याच फाटकातून जायचं. या वास्तूत पाऊलसुद्धा टाकावं लागणार नाही. मॅनेजरबाईंनी हे शेवटचं सुख म्हणून सांगितलं.

"माझी पाठ चांगली आहे," ती म्हणाली.

"काय? मावशी, जरा मोठ्याने."

"पाठ चांगली आहे म्हटलं."

"मग ही वाकते कोण?" मॅनेजरबाई हसल्या, पण हसून पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. "बरं. उद्या चहाच्या वेळेला माझ्यासमोर तिथून सरळ चालून दाखवा. चाललात, तर मी वर साहेबांना कळवते की काही नाही, आणि विषय संपला. नाहीतर सोमवारपासून धुलाईघर. मी तुमच्या भल्याचंच सांगते आहे."

भल्याचं सांगणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. आणि भांडायचं तरी कशाच्या जोरावर? आपण वाकतो हे तिला स्वतःलाच आजवर ठाऊक नव्हतं. बाहेर पडून ती थेट वर गेली आणि त्या जागी उभी राहिली. डावीकडे खोल्यांची दारं, उजवीकडे पितळी कठडा, कठड्यापलीकडे खाली दिवाणखान्यासारखा पसरलेला तो अफाट हॉल. आणि दारांच्याच भिंतीत, डोक्याच्या किंचित वर, दोन चौकोनी भोकं. हॉटेलवाल्यांनी त्यांना सुंदर पितळी चौकट केली होती. भोकांमागची खोली आता चादरींची, म्हणजे तिचीच. उशांचे अभ्रे, टॉवेल, रजया, सगळं तिथे रचलेलं. पूर्वी, हॉटेलच्या जागी सिनेमाचं थिएटर होतं तेव्हा, तिथे चित्र दाखवायचं मशीन होतं, आणि मशीनमागे तिचा नवरा. त्या भोकांतून निघणारा झोत बाल्कनीच्या शेवटच्या रांगेवरून, अगदी माथ्याला लागून, समोरच्या पडद्यापर्यंत जायचा. शेवटच्या रांगेपुढून जाणारा माणूस उभा राहिला, की साऱ्या थिएटरला त्याचं डोकं दिसायचं. म्हणून वाकायचं. रांग गेली, खुर्च्या गेल्या, पडदा गेला, आणि कमरेला कुणी कळवलंच नाही. तिला हसू आलं. मग त्या हसण्याखालून दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं, आणि ते नेमकं काय हे कळायला तिला कठड्याला टेकून उभं राहावं लागलं. तो अभिमान होता. चोरून केलेल्या दानाचा कुणाला पत्ता लागावा, तशी तिला लाज वाटली, पण होता तो अभिमानच.

हे थिएटर उघडलं तेव्हा सासूबाई परकरातल्या होत्या. त्या सांगायच्या, पायघडीचा गालिचा इतका जाड होता की पहिल्या दिवशी बायामाणसांनी आपणहून चपला बाहेर काढल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आत अनवाणी गर्दी. मालक धावत आला, म्हणाला, अहो, पायात घाला, हे देऊळ नाही. एक म्हातारी म्हणाली, तुम्हाला नसेल वाटत. शेवटी मालकाने पाटी लावली की पादत्राणांसह यावे. तरी पुढची कित्येक वर्षं कुणी ना कुणी पायरीशी थबकायचंच. खालच्या दालनात जमिनीपासून छतापर्यंत आरसे होते. घरोघरी आरसे म्हणजे कुंकवापुरते. गावातल्या कितीतरी बायकांनी आपलं पायापर्यंतचं रूप जन्मात पहिल्यांदा त्या आरशांत पाहिलं, आणि काहीजणी म्हणे चित्र सुरू झालं तरी आतच जाईनात. घुमटाला निळा रंग आणि त्यात बारीक दिव्यांच्या चांदण्या. पडद्यापुढच्या खोल खड्ड्यात वाजंत्री बसायचे, कारण तेव्हा चित्रं मुकी होती. मग चित्रं बोलू लागली आणि वाजंत्री घरी गेले; खड्ड्यात मोडक्या खुर्च्या पडू लागल्या. आता त्याच खड्ड्यात हॉटेलवाल्यांनी पाणी सोडलंय, त्यात तांबडे मासे. बाल्कनीचा एक भाग बायकांसाठी वेगळा काढला, तेव्हा तिथे बॅटरी घेऊन पुरुष कसा चालेल, असा प्रश्न पडला, आणि झाडलोट करणाऱ्या सासूबाईंच्या हाती बॅटरी आली. त्यांच्या आधी या कामाला बाई नव्हती; हळूहळू ती बॅटरी साऱ्या थिएटरात फिरू लागली. पुढे मुलगा मशीनवर लागला. लोक थट्टा करायचे, काय हो, रोज लेकापुढे वाकता? त्या म्हणायच्या, लेक माझ्या डोक्यावरून जगाला काहीतरी देतोय, मी मध्ये उभी राहू?

थट्टा करणाऱ्यांना त्या मुद्दाम पहिल्या रांगेत बसवायच्या, मान मोडेस्तोवर.

सुनेला त्यांनी काम शिकवलं ते वर्षभर. गर्भार बाईला कडेची खुर्ची. रडणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी टाकायची नाही, मग तो कितीही आडवा बसलेला असो. दारूच्या वासाच्या माणसाला हात न लावता बाहेर न्यायचं, म्हणजे आपण पुढे चालायचं आणि त्याला वाटू द्यायचं की आपल्याला मान मिळतोय. अंधारात आवाज चढवायचा नाही. तो इतका नाही चढवला, की पुढे घरीदारी, भाजीवाल्यापाशी, मुलांवर रागावतानासुद्धा चढेना. पोरं म्हणायची, आई रागावली की जास्तच हळू बोलते, तेव्हा पळावं. एकदा मध्यंतरात जिन्यावर बसून पाय चोळता चोळता सासूबाई म्हणाल्या होत्या, "इतकी माणसं इथून गेली, त्यांतल्या एकाला तरी तुझं-माझं तोंड आठवत असेल का गं?" सून म्हणाली, "नाही." "हं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं पंगत उठल्यावर रिकामं पातेलं बघताना एखादीच्या चेहऱ्यावर असतं. "आपण दिसलो नाही, म्हणजे काम झालं."

आणि आता भिंतीतला कॅमेरा तिला रोज बघत होता.

घरी पोचली तेव्हा नवरा खिडकीशी बसून रेडिओ खोलत होता. तो ऐकण्यासाठी नव्हता. मशीनच्या खडखडाटात त्याचे कान केव्हाच गेले होते. हळू बोलणारी बायको आणि बहिरा नवरा, देवाने जोडी बघून जुळवली होती. त्याच्याशी बोलायचं तर उजेडात, समोर उभं राहून बोलावं लागे. तो शब्द बघायचा. दिव्याखाली उभी राहून तिने सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत तिच्या ओठांकडे बघत होता. मग हसू लागला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"रोज?"

"रोज."

"आणि तुला पत्ताच नाही?"

"नाही हो."

"आईची सून शोभतेस." त्याने डोळे पुसले. "अगं मग जा उद्या सरळ. त्यात काय आहे? भोकामागे आता तुझ्या चादरी आहेत. चादरींचा झोत पडतो का कुठे?"

"पाय ऐकायचे नाहीत."

"पायांना सांग, मालक बदलला."

"तुम्हीच येऊन सांगा ना मॅनेजरबाईंना. तुम्ही सांगितलंत तर..."

"मी? त्या लॉजात?" त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. "जिथे मी कार्बनच्या कांड्या एकमेकींना भिडू न देता, त्यांच्यामधल्या ज्योतीवर अख्खी रात्र उभी केली पडद्यावर, तिथे आता लोक दात घासतात. मी यायचं, आणि ते बघायचं?"

मशीन उतरवलं त्या दिवशी तो गेला होता. ते तुकड्यांनी निघालं. जिन्यावरून खाली ओढताना संगमरवराच्या पायऱ्यांना ओरखडे पडले, आणि भंगारवाल्याच्या माणसांनी मशीनमधला झोत फेकणारा आरसा पोत्यात घालून त्यावर बसून विडी ओढली. तेव्हापासून तो त्या रस्त्यानेसुद्धा जात नसे; बाजाराला जायचं तर लांबून, तलावाकडून. थिएटर कुलपात पडलं, घुमटात पारवे राहू लागले, पावसाने एका बाजूच्या चांदण्या विझवल्या, आणि मग कुणी परगावचे लोक येऊन त्याचं हॉटेल करू लागले, तेव्हा गावाने नाकं मुरडली. ती मात्र पहिल्याच आठवड्यात नोकरी मागायला गेली. घुमट पुन्हा निळा होताना तिने पाहिला होता. आरसे पुसणाऱ्यांना खालून सांगितलं होतं, वरच्या कोपऱ्यात एक डाग आहे, तो जात नाही, तो आरशाच्या आतच आहे, उगाच घासू नका. वास्तू पडली नाही, कुणीतरी तिला जेवू घातलं, न्हाऊ घातलं, याचंच तिला इतकं अप्रूप होतं की आत लोक दात घासतात की काय करतात, याने तिचं काही अडत नव्हतं. दमून आलेल्या माणसाला अंधारात त्याची जागा दाखवायची, हेच काम पूर्वी होतं. आताही त्याहून वेगळं ते काय होतं? पण हे नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं. तो झोत हरवलेला माणूस. तिची नुसती बॅटरी गेली होती.

"तू जाशील गं सरळ," तो रेडिओत डोकं घालून म्हणाला. "पोटासाठी माणूस काय काय करतो."

त्याने वर बघितलं नसतं तर तिचं उत्तर त्याला कळलंच नसतं. पण बघितलं. ती म्हणाली, "पोटासाठी जात नाही मी तिथे. आणि तुमच्या झोतासाठी वाकत नाही."

तो बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला, जणू शब्द अजून तिथेच होते. मग पोराशी पैज लावावी तसं म्हणाला, "बरं. उद्या मॅनेजरबाईंच्या डोळ्यांदेखत वाकून गेलीस, तर मी स्वतः येतो तिथे. शब्द दिला, जा." आणि रेडिओचं झाकण लावायला घेतलं. जिंकणारच आहोत अशा खात्रीने दिलेला शब्द तो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मॅनेजरबाई गॅलरीच्या टोकाशी उभ्या होत्या. "रिकाम्या हातानेच या," त्या म्हणाल्या, "म्हणजे ओझ्याचा प्रश्न नको." रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळेना. तिने ते पोटाशी धरले आणि निघाली. उजवीकडे, खाली, जिथे पुढच्या रांगा होत्या, तिथे पाहुणे वेताच्या खुर्च्यांत बसून चहा पीत होते. कपांचा किणकिणाट वर येत होता. हॉटेलवाल्यांनी बाल्कनीची उतरती जमीन भर घालून सपाट केली होती, पण तिच्या पोटऱ्या अजून उतारच चालत. वर चांदण्या लागल्या होत्या, दिवसासुद्धा. एक पाऊल, आणखी एक. जागा जवळ आली तसं तिला कळलं की काल आपण नवऱ्याला खोटंच सांगितलं, पाय ऐकायचे नाहीत म्हणून. पाय ऐकत होते. काल कळल्यापासून पाय पुरते तिच्या हुकुमात आले होते, आणि तीच खरी अडचण होती. न कळता वाकणारी कंबर निरागस होती. आता जे करायचं ते तिचं तिला करायचं होतं. सरळ जावं. कुणाच्या अंगावर सावली पडणार आहे? खालच्या त्या लाल टोपीच्या पाहुण्याच्या चहात? तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटताच छातीत काहीतरी रिकामं झालं. पूर्वी घरात एक पाटा होता, सासूबाईंच्या हातचा. तो विकला त्या दिवशी भिंतीशी त्याच्याएवढा कोरा चौकोन उरला होता, तसं. ज्याच्यासाठी नेम धरला ते माणूस उठून गेलं म्हणून नेम उठतो का? बघणारं कुणी नसताना करतो, त्यालाच तर नेम म्हणायचं. आणि हा तर कुणी न सांगता, बंद पडलेल्या थिएटरच्या सगळ्या वर्षांना ओलांडून, तिच्या हाडांनी पाळला होता. तो आज मोडायचा, आणि तोही पाळला गेला हे कळल्यावर?

ती थांबली. मॅनेजरबाई मान हलवून 'या, या' म्हणत होत्या, लहान मुलाला पहिलं पाऊल टाकायला बोलवावं तशा. तिने पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि वाकली. झोत गेल्यापासून या जागी पहिल्यांदाच ती जाणूनबुजून वाकली. मान नाही, कंबर. सावकाश, भोकांखालून, पलीकडे गेली. मग सरळ झाली, इतकी सरळ की मॅनेजरबाईंना मान थोडी वर करावी लागली.

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा तो आवाज तिलाच अनोळखी वाटला, "सरळ जाता येतं मला. पाठीला काही झालेलं नाही. पण इथून मी सरळ जाणार नाही."

"म्हणजे मुद्दाम?"

"कालपर्यंत मुद्दाम नव्हतं. आता मुद्दाम."

तिने भोकं दाखवली. झोत कुठून यायचा, कुठे जायचा, हे हाताने हवेत दाखवलं. मॅनेजरबाई टाचा उंचावून एका भोकाशी गेल्या, पितळी चौकटीतून आतल्या चादरींकडे बघितलं, मग वळून तिथून समोर बघितलं, हॉलच्या पलीकडे, जिथे कमान होती आणि कमानीत आता नुसता रंगवलेला पडदा.

"पण आता इथून काही येत नाही, मावशी."

"नाही येत."

"मग?"

"तुमच्या वडिलांची खुर्ची असेल घरी. ते बाहेर गेले की तुम्ही तीत पाय वर घेऊन बसता का?"

मॅनेजरबाई भोकापासून मागे सरल्या. म्हणाल्या, "वडील नाहीत माझे. खुर्ची आहे." मग कपाळावर आठी घालून, स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारखं, "मला पटतं हो. पण वर काय सांगू? मोठ्या साहेबांनी सगळं बघितलंय. बाई आपखुशीने वाकते म्हटलं तर ते म्हणतील, तुम्ही दुखणं झाकताय, उद्या पडली तर जबाबदार कोण? तुमच्या घरचं कुणी येऊन समक्ष बोललं, की ही हिची जुनी सवय, आजार नाही, तर मी तेवढ्यावर धरून राहीन. आहे का कुणी?"

"आहेत. पण ते इथे येत नाहीत."

"मग सोमवारपासून धुलाईघर, मावशी. माझाही इलाज नाही."

"चालेल," ती म्हणाली. आणि राहिलेल्या चादरी घालायला गेली. प्रत्येक चादरीचे कोपरे त्या दिवशी तिने असे काटेकोर दुमडले, की जणू त्या खोल्यांत तीच राहायला येणार होती.

नवऱ्याने दार उघडताच तिचा चेहरा बघितला. ती दिव्याखाली उभीही राहिली नाही, चपला काढता काढता म्हणाली, "वाकले."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"कमरेतून?"

"मग काय मानेतून?"

तो हसला नाही. तिने धुलाईघराचं सांगितलं, घरच्या माणसाचंही सांगितलं, जसं घडलं तसं, एक शब्द वाढवला नाही. मग त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. बहिऱ्या माणसाचं ते दार लावून घेणं; आता काहीही बोललं तरी त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं. तिने कालच्या शब्दाची आठवण दिली नाही. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली की तो मागून घेतल्यासारखा होतो, आणि तिला मागायचं नव्हतं. भात टाकला, देवापाशी दिवा लावला, नेहमीचा जप केला. मन नवल वाटावं इतकं शांत होतं. धुलाईघर तर धुलाईघर. तिथे वाकायला जागा नाही एवढंच. पण जे जपायचं ते आज जपून झालं होतं, आता ते कुणाला काढून घेता येणार नव्हतं.

सकाळी ती नाहून आली तर नवरा आरशापुढे दाढी करत होता. आठवड्यातून दोनदा करायचा, त्यातला हा दिवस नव्हता. त्याने इस्त्रीचा सदरा घातला, वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चपला न घेता खाटेखालचे बूट काढले आणि फडक्याने पुसले.

"लिफ्ट बसवलीय म्हणे वर जायला," तो बुटांकडे बघत म्हणाला.

ती समोर, उजेडात आली. "बसवलीय."

"मी जिन्याने येईन." जरा थांबून, "ओरखडे अजून आहेत पायऱ्यांना?"

"घासून काढले सगळे. एक राहिलाय, वळणावर."

त्याने मान डोलावली, जणू एवढं पुरे होतं. ती कुलूप लावेपर्यंत तो जिना उतरून रस्त्याला लागलासुद्धा. आणि बाजाराकडच्या त्या लांबच्या, तलावाकडच्या रस्त्याने नव्हे, तर समोरच्या, सरळ. कोपऱ्यावर तो थांबला, मागे न बघता हात किंचित मागे केला, आणि रहदारीच्या गोंगाटात तिच्याखेरीज कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "चल लवकर. तुझ्या चादरी खोळंबल्या असतील."